भर उन्हात वाचता येणारा सूचना-फलक: परावर्ती पडदा पहिल्यांदाच बसवणाऱ्यांसाठी

इंदूरमध्ये मे महिन्याच्या दुपारी राजवाड्यासमोर उभे राहून एखादा सरकत्या अक्षरांचा एलईडी फलक वाचून पाहावा. ऊन फलकाच्या तोंडावर येत असेल, तर पेटलेला ठिपका कोणता आणि विझलेला कोणता हे ओळखताना डोळे बारीक करावे लागतात. त्याच्याच शेजारची, पेंटरने रंगवलेली जुनी पत्र्याची पाटी मात्र रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येते. एलईडीचा ठिपका स्वतःच्या प्रकाशाने सूर्याशी स्पर्धा करतो. पाटी सूर्याचाच प्रकाश परतवते, त्यामुळे ऊन जितके कडक तितकी ती अधिक स्पष्ट दिसते. परावर्ती पडदा म्हणजे हीच पाटी, फक्त तिच्यावरची अक्षरे विजेच्या एका छोट्या इशाऱ्याने बदलता येतात.

हा हिशेब आकड्यांत मांडला म्हणजे पुढचे सारे निर्णय सोपे होतात. समोरून पडणाऱ्या कडक उन्हात सुमारे 1,00,000 लक्स प्रकाश असतो (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक). त्यातला 40 टक्के प्रकाश परतवणारा पांढरा पृष्ठभाग 12,000 निट्सच्या वर (निट हे पृष्ठभागाची उजळता मोजण्याचे एकक) उजळ दिसतो, आणि भिंतीच्या सावलीत, जेथे 10,000 लक्स असतील तेथे, तोच पृष्ठभाग 1,200 निट्सच्या आसपास असतो. मोबाइलचा साधारण पडदा 500 निट्सच्या घरात असतो हे लक्षात घेतले, तर दिवसा परावर्ती पडद्याला दिव्याची गरज का नसते हे कळते. रात्री मात्र रस्त्यावरच्या दिव्याखाली 20 लक्स असतील तर याच पृष्ठभागाची उजळता अडीच निट्सवर येते, म्हणजे तो जवळजवळ दिसेनासा होतो. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत ही दोन टोके डोळ्यांसमोर ठेवावीत.

येथे जो फलक उदाहरणासाठी घेतला आहे, तो राजेंद्रनगरातील आमच्या वसाहतीच्या सभागृहाच्या फाटकावरचा आहे. साडेसात इंचांचा पडदा, एक छोटे सोलर पॅनेल आणि सभागृहाचे वाय-फाय एवढाच त्याचा संसार आहे. मोठा फलक करायचा असला तरी क्रम हाच राहतो.

पहिली पायरी: काय बदलणार आणि किती वेळा

खरेदीला निघण्यापूर्वी एका कागदावर फलकावर येणाऱ्या गोष्टी लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे ती दिवसातून किती वेळा बदलेल ते मांडावे. सभागृहाचे कार्यक्रम दिवसातून एकदा बदलतात, वाचनालयाची वेळ आठवड्यातून एकदा, पाणीपुरवठ्याची सूचना येईल तेव्हा. ही यादी हातात आली की अर्धा प्रश्न सुटतो, कारण या तंत्रात ऊर्जा मजकूर दाखवायला लागत नाही, ती मजकूर बदलायला लागते. यादीत सेकंदाचे घड्याळ, सरकती अक्षरे किंवा चित्रफीत असेल, तर येथेच थांबून दुसऱ्या तंत्राकडे वळावे. ज्या मंडळींना हलते काहीतरी हवेच असते, त्यांच्याशी हा वाद खरेदीनंतर घालण्यापेक्षा आधी घातलेला बरा.

दुसरी पायरी: जागा आणि तिथला प्रकाश

निवडलेल्या जागी सकाळी 8, दुपारी 1, सायंकाळी 6 आणि रात्री 9 अशा चार वेळा जाऊन मोबाइलमधल्या लक्समापक ॲपने मोजणी करावी. मोबाइलचा संवेदक अचूक नसतो, पण 20 लक्स आणि 2,000 लक्स यांतला फरक त्याला कळतो आणि आपल्याला तेवढेच हवे असते. मोजताना मोबाइलचे तोंड ज्या दिशेला फलकाचे तोंड असेल त्याच दिशेला ठेवावे. आकाशाकडे धरलेल्या मोबाइलचा आकडा भिंतीवरच्या फलकाला लागू पडत नाही.

इंदूरच्या सराफा बाजाराचे उदाहरण घ्यावे. तेथे दिवसा सोन्याचांदीची दुकाने असतात, आणि ती बंद झाल्यावर रात्री त्याच ओट्यांपुढे खाऊगल्ली उभी राहते. ज्या जागेचा सारा व्यवहार रात्रीचा, तेथे परावर्ती पडदा लावणे म्हणजे त्याचा मुख्य गुण वाया घालवणे होय. शाळेचे फाटक, बसथांबा, वाचनालय, दवाखाना, बाग, भाजीबाजार या त्याच्या हक्काच्या जागा आहेत.

दिशेचाही विचार इंदूरच्या अक्षांशाला धरून करावा. शहर सुमारे 22.7 अंश उत्तरेला आहे, आणि कर्कवृत्त येथून उज्जैनच्या थोडे पलीकडून जाते. त्यामुळे वर्षाचा मोठा भाग सूर्य दक्षिणेकडे राहतो आणि उत्तरेकडे तोंड केलेल्या फलकावर थेट ऊन पडत नाही. अपवाद उन्हाळ्याचा. मे-जूनमध्ये सूर्य ईशान्येकडे उगवून वायव्येकडे मावळतो, आणि सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन उत्तरेच्या भिंतीवरही येते. थेट ऊन वाचण्यासाठी चांगले असले तरी पडद्याच्या आयुष्यासाठी वाईट असते, म्हणून नवख्याने उत्तर दिशा निवडावी आणि वर छज्जा ठेवावा. पश्चिमेची भिंत शक्यतो टाळावी. का, ते सहाव्या पायरीत सांगितले आहे.

फलक रस्त्याच्या बाजूने दिसणारा असेल, तर महानगरपालिकेच्या आपल्या झोनच्या कार्यालयात परवानगीची विचारणा खांब रोवण्यापूर्वी करावी.

तिसरी पायरी: कोणता पडदा

परावर्ती पडद्यांची चार मुख्य घराणी आहेत आणि त्यांची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

पहिले घराणे ई-पेपरचे. ई-वाचकांमुळे, म्हणजे पुस्तके वाचण्याच्या उपकरणांमुळे, ते बहुतेकांच्या पाहण्यात असते. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात निक शेरिडन यांनी 1970 च्या दशकात फिरत्या सूक्ष्म मण्यांचा कागद करून पाहिला होता. आज सर्वत्र दिसणारे तंत्र एमआयटीच्या मीडिया लॅबमधून आले, आणि ते बाजारात आणण्यासाठी 1997 मध्ये ई इंक ही कंपनी निघाली. या पडद्यात केसाच्या जाडीच्या आसपासच्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात तरंगणारे पांढरे व काळे कण असतात. पांढऱ्या कणांवर एका प्रकारचा विद्युतभार असतो आणि काळ्यांवर त्याच्या विरुद्ध, त्यामुळे मागून सुमारे 15 व्होल्टचा दाब एका दिशेने दिला की पांढरे वर येतात, उलट दिला की काळे. दाब काढून घेतला तरी कण जागचे हलत नाहीत. वीज गेली तरी मजकूर टिकतो तो यामुळेच. पांढरा भाग साधारण 40 ते 45 टक्के प्रकाश परतवतो. तो वहीच्या कागदाइतका शुभ्र नसतो, किंचित राखाडी दिसतो, आणि ग्राहकाला हे आधीच दाखवून ठेवावे.

दुसरे घराणे परावर्ती एलसीडीचे, म्हणजे कॅल्क्युलेटरच्या आणि साध्या डिजिटल घड्याळाच्या पडद्याचे. त्यात मजकूर तत्काळ बदलतो, सेकंदही दाखवता येतात. परंतु त्यातली ध्रुवक पट्टी, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारी फिल्म, निम्म्याहून अधिक प्रकाश गिळते आणि पडदा काळवंडलेला दिसतो. तिसरे घराणे कोलेस्टेरिक, म्हणजे सर्पिल रचनेच्या, द्रवस्फटिकांचे. त्यात ध्रुवक नसतो, चित्र विजेशिवाय टिकते आणि रंगांचे थर एकावर एक रचता येतात, पण किरकोळ बाजारात हे पडदे सहज मिळत नाहीत. चौथे घराणे सर्वांत जुने आणि मला व्यक्तिशः अतिशय आवडणारे, म्हणजे उलटणाऱ्या चकत्यांचे. एका बाजूने काळी आणि दुसऱ्या बाजूने झगमगीत पिवळी अशी छोटी चकती विद्युतचुंबकाच्या झटक्याने पालटते. फेरांटी-पॅकार्ड या कंपनीने 1961 च्या सुमारास हे तंत्र उभे केले, मॉन्ट्रियलच्या शेअर बाजारात ते लागले आणि नंतर बसच्या कपाळावर दशकानुदशके चालले. उष्णतेला ते फारसे दाद देत नाही. मात्र ठिपका मोठा असल्यामुळे देवनागरीची जोडाक्षरे त्यावर सुबक उमटत नाहीत.

रस्त्यावर ई-पेपर टिकतो का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. लंडनमध्ये 2015 च्या अखेरीस सौर ऊर्जेवर चालणाऱ्या ई-पेपरच्या बसथांबा फलकांची चाचणी सुरू झाली, सिडनीत त्याच वर्षी वाहतुकीच्या तात्पुरत्या सूचनांसाठी असे फलक लागले, आणि बॉस्टनच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेनेही ते आपल्या थांब्यांवर बसवले. यांतली एकही जागा इंदूरच्या मे महिन्यासारखी नाही, एवढे भान ठेवून हे दाखले वापरावेत.

पहिल्या फलकासाठी काळा-पांढरा ई-पेपरच घ्यावा. तांबड्या रंगाचा तीनरंगी पडदा दुकानात मोहक वाटतो, पण त्याचा एक बदल पूर्ण व्हायला 15 ते 25 सेकंद लागतात आणि तेवढा वेळ पडदा लुकलुकत राहतो. काळ्या-पांढऱ्याला चार-पाच सेकंद पुरतात. घेताना उत्पादकाच्या माहितीपत्रकातील तापमानाची मर्यादा स्वतः वाचावी. बाजारातल्या बहुतेक छोट्या पडद्यांची मर्यादा 0 ते 50 अंश सेल्सिअस अशी असते आणि ते घरातील वापरासाठीच बनवलेले असतात. घराबाहेरच्या वापरासाठी रुंद तापमानमर्यादेचे वेगळे पडदे निघतात, ते महाग असतात, आणि बजेट परवानगी देत असेल तर तेच घ्यावेत. वायर, केबल ग्लँड (केबल पेटीत शिरते तेथली पाणीरोधक बूच), पेटी, बॅटरीचे सेल हे सारे महाराणी रोड आणि जेल रोड यांच्या दरम्यान एका फेरीत मिळू शकते. पडदा मात्र बहुधा मागवावाच लागतो.

पडद्याची काच कमालीची पातळ असते आणि तिला जोडलेली चपटी केबल त्याहून नाजूक. ती केबल मुळाशी एकदा दुमडली की पडदा गेला असे समजावे.

चौथी पायरी: अक्षरे

अंदाज असा ठेवावा की दर तीन ते चार मीटर अंतरासाठी अक्षराची उंची किमान 1 सेंटीमीटर हवी. फाटकातून 6 मीटरवरून वाचायचे असेल तर 2 सेंटीमीटर. साडेसात इंची पडद्याचे दृश्य क्षेत्र साधारण 163 बाय 98 मिलिमीटर असते आणि त्यात 800 बाय 480 ठिपके असतात, म्हणजे 2 सेंटीमीटरच्या अक्षराला सुमारे 98 ठिपके मिळतात. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार येत असल्याने एका ओळीला सव्वातीन सेंटीमीटर तरी द्यावे लागतात. अशा तीन ओळी बसतात, चौथी बसत नाही. ज्यांना चौथी ओळ हवी असते, त्यांनी मोठा पडदा घ्यावा. अक्षर लहान करू नये.

नवख्यांची सर्वांत मोठी फसगत येथे होते. मायक्रोकंट्रोलरसाठी, म्हणजे पडदा चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपसाठी, मिळणारे बहुतेक तयार प्रोग्रॅम-संच (लायब्ररी) रोमन लिपी गृहीत धरतात. त्यांना देवनागरी मजकूर दिला, तर 'कार्यक्रम'मधला रफार सुटून पडतो, 'किर्लोस्कर' लिहिताना वेलांटी व्यंजनाच्या नंतर येते, आणि 'स्त्री'चे तीन तुकडे होतात. यावर उपाय एकच. मजकुराचे चित्र संगणकावर, हार्फबझसारख्या लिपी जुळवणाऱ्या इंजिनाच्या साहाय्याने तयार करावे आणि पडद्याकडे फक्त चित्र पाठवावे. 800 बाय 480 ठिपक्यांचे काळे-पांढरे चित्र ठिपक्याला एक बिट या हिशेबाने 48,000 बाइटचे होते, म्हणजे पाठवायला अगदी हलके. फाँट जाड घ्यावा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीची ठळक वळणे चांगली उमटतात. पांढऱ्या-काळ्याच्या मधले राखाडी ठिपके काढून टाकल्यावर अनुस्वार तपासावेत. पातळ फाँटात 'कुंकू'चा 'कुकू' होतो हे मी पाहिले आहे, आणि फलकाखाली उभे राहून ते वाचणारी मुले तो शब्द आठवडाभर सोडत नाहीत.

पाचवी पायरी: ऊर्जेचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घेऊन बसावे. आमच्या फलकात ईएसपी32 जातीचा कंट्रोलर आहे. तो सकाळी 6 ते रात्री 10 दर अर्ध्या तासाने जागा होतो, वाय-फायवरून नवे चित्र आहे का ते विचारतो, असल्यास पडदा बदलतो आणि पुन्हा झोपतो. दिवसातून 32 वेळा, प्रत्येक वेळी सुमारे 20 सेकंद.

पडद्याचा स्वतःचा खर्च एका बदलाला एका ज्यूलहूनही कमी असतो. कंट्रोलर वाय-फाय सुरू करून 20 सेकंद सरासरी 120 मिलिअँपिअर घेतो असे धरले, तर 3.3 व्होल्टला ते 8 ज्यूल होतात. 32 वेळांचे 250 ज्यूल, म्हणजे दिवसाला जेमतेम 0.07 वॉट-तास. येथपर्यंत सर्व उत्तम.

पुढे झोपेचा खर्च. नुसती चिप डीप स्लीपमध्ये, म्हणजे गाढ झोपेत, 10 मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते, पण ती ज्या सर्किट बोर्डवर बसवलेली असते त्यावर एक तांबडा दिवा, एक यूएसबी चिप आणि एक सामान्य व्होल्टेज रेग्युलेटर असतो. हे तिघे मिळून झोपेतही 5 मिलिअँपिअर खात असतील, तर दिवसाचे 0.4 वॉट-तास होतात, म्हणजे जागेपणाच्या पाचपटीहून अधिक. म्हणून कमी गळतीचा बोर्ड निवडावा, किंवा निदान तो दिवा तरी काढून टाकावा. मल्टिमीटरने झोपेतला प्रवाह मोजल्याशिवाय कोणत्याही विक्रेत्याच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

आणि शेवटी रात्रीचा दिवा. 1 वॉटचा दिवा चार तास लावला की 4 वॉट-तास संपतात. पडदा, कंट्रोलर, वाय-फाय या सगळ्यांची बेरीज या एका दिव्यापुढे किरकोळ ठरते. 'शून्य विजेचा फलक' अशी जाहिरात करणाऱ्यांच्या पत्रकात हा दिवा बहुधा नसतो.

गळती आणि तोटा धरून दिवसाला 6 वॉट-तास समजू. पावसाळ्यात सलग पाच दिवस ऊन पडले नाही तरी फलक चालावा, म्हणून 30 वॉट-तासांची साठवण हवी. 3.2 व्होल्ट आणि 6 अँपिअर-तासांचे लिथियम आयर्न फॉस्फेटचे दोन सेल समांतर जोडले की 38 वॉट-तास होतात. मोबाइलमधल्यासारखी लिथियम-आयन बॅटरी येथे वापरू नये. 45 अंशांवर ती चार्ज करणे योग्य नसते आणि आपल्या पेटीत ते तापमान उन्हाळ्यात रोज येते. फॉस्फेटचे सेल उष्णता तुलनेने चांगली सोसतात, तरीही त्यांना पेटीच्या तळाशी, सावलीच्या बाजूला ठेवावे. सोलर पॅनेलसाठी ढगाळ दिवसांतील दोनच तासांचे पूर्ण ऊन आणि 60 टक्के कार्यक्षमता गृहीत धरली, तर 5 वॉट पुरतात. धूळ आणि कबुतरे यांचा विचार करून 10 वॉटचे घ्यावे, दक्षिणेकडे तोंड करून 25 ते 30 अंश तिरके बसवावे. तिरकेपणा थोडा जास्त ठेवला की पावसाने पॅनेल आपोआप धुतले जाते.

सिमकार्डचा मोडेम लावायचा असल्यास एक सावधगिरी बाळगावी. जुन्या 2जी पद्धतीचा मोडेम संदेश पाठवताना क्षणभर 2 अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो. वायर बारीक असेल तर तेवढ्यात व्होल्टेज पडते, कंट्रोलर पुन्हा सुरू होतो, पुन्हा मोडेम लावतो, पुन्हा पडतो, आणि सकाळपर्यंत बॅटरी रिकामी होते. असा झटका सोसण्यासाठी मोडेमजवळ मोठा कपॅसिटर (थोडी वीज साठवून लगेच देणारा भाग) लावावा.

तुलनेसाठी सांगायचे, तर 300 वॉटचा एखादा एलईडी फलक रोज 16 तास चालला की दिवसाला 4.8 युनिट आणि महिन्याला 144 युनिट होतात. आमचा फलक महिन्याला एका युनिटच्या पाचव्या भागाहूनही कमी घेतो. दोघांचे आकार वेगळे आहेत, काम वेगळे आहे, तेव्हा ही तुलना कुणाला हरवण्यासाठी वापरू नये.

सहावी पायरी: पेटी, काच आणि ऊन

पहिल्या फलकाच्या वेळी मी या पायरीकडे दुर्लक्ष केले आणि त्याची किंमत मोजली. पडदा तीनरंगी होता, विक्रेत्याने तो 'आउटडोअर' म्हणून दिला होता, पेटी काळ्या रंगाच्या पत्र्याची होती आणि भिंत पश्चिमेची. मेच्या तिसऱ्या आठवड्यात बाहेर 42 अंश असताना पेटीतला तापमापक 61 दाखवत होता. आधी जुन्या मजकुराची सावली नव्या मजकुरामागे राहू लागली, मग तांबडा रंग विटकरी झाला, आणि गणपतीपर्यंत 'आरती 8 वाजता' हे शब्द फक्त ज्यांना आरतीची वेळ आधीच ठाऊक होती त्यांनाच वाचता येत होते. माहितीपत्रकात 50 अंशांची मर्यादा स्पष्ट छापलेली होती. ती मी नंतर वाचली.

दुसरी पेटी वेधशाळेतील तापमापकांच्या पांढऱ्या झडपांच्या पेटीवरून सुचली. आतली बंद पेटी, तिच्याभोवती दोन सेंटीमीटरची मोकळी जागा सोडून बाहेरचे पांढरे कवच, कवचाला खाली आणि वर भोके. ऊन बाहेरच्या कवचाला तापवते, मधली हवा गरम होऊन वरून निघून जाते आणि खालून नवी येते. उत्तरेची भिंत आणि 25 सेंटीमीटरचा छज्जा यांची जोड मिळाल्यावर माझ्या मोजणीत आतले तापमान बाहेरच्याहून पाच-सहा अंशांनीच जास्त राहिले. 42 ला 48, म्हणजे मर्यादेच्या आत, पण निवांत नव्हे. त्यामुळे कंट्रोलरला असा आदेश द्यावा की आतले तापमान 48 च्या वर गेले तर पडदा बदलू नये, संध्याकाळपर्यंत थांबावे. हिवाळ्याची चिंता इंदुरात नाही. थंडीत कण मंद हलतात खरे, पण येथे पारा क्वचितच शून्याजवळ जातो.

पुढची काच निवडताना एक गोष्ट विसरली जाते. प्रकाश काचेतून आत जाताना एकदा आणि परतताना दुसऱ्यांदा असा दोनदा जातो. काच 90 टक्के प्रकाश सोडत असेल तर हाती 81 टक्केच उरतो, आणि 42 टक्क्यांचा पडदा 34 टक्क्यांवर येतो. त्यातच काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे 4 टक्के प्रकाश आरशासारखा परततो. काच आणि पडदा यांच्यात हवेची फट असेल तर अशा तीन सीमा होतात, आणि वाचणाऱ्याला अक्षरांवर समोरच्या निंबाचे प्रतिबिंब दिसते. कारखान्यात काच पडद्याला पारदर्शक चिकटद्रव्याने जोडून देतात, त्यामुळे मधल्या दोन सीमा जातात. घरी हे करू नये. एक बुडबुडा राहिला की तो कायमचा. घरी करणाऱ्याने पातळ, चकाकी नसलेल्या (मॅट) पृष्ठभागाची काच घ्यावी, आतून अतिनील किरण अडवणारी फिल्म लावावी आणि पडदा तिच्या शक्य तितका जवळ ठेवावा. साधे पॉलिकार्बोनेट दोन उन्हाळ्यांत पिवळे पडते, ॲक्रिलिक उन्हात अधिक टिकते, पण पुसताना त्यावर ओरखडे उठतात.

पेटी आयपी65 दर्जाची असावी, म्हणजे धूळ शिरणार नाही आणि पाण्याचा फवारा सोसेल. परंतु पेटी पूर्ण हवाबंद केली तर दिवसा तापलेली आतली हवा पहाटे थंड होते आणि बाष्प काचेवर आतून जमते. त्यासाठी पाणी रोखणारा पण हवा सोडणारा छोटा श्वासझडप मिळतो, तो खालच्या बाजूला बसवावा. आत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती पावसाळ्याआधी बदलावी. केबल पेटीत शिरण्याआधी खाली एक झोळ द्यावा, म्हणजे थेंब झोळावरूनच गळून पडतो.

सातवी पायरी: रात्रीचा दिवा

दिवा छज्जाच्या आतल्या कडेला, वरून तिरका बसवावा. समोरून टाकलेला प्रकाश काचेवर चकाकतो. जवळ माणूस आला की लागणारा आणि अर्ध्या मिनिटाने विझणारा संवेदक लावला, तर चार तासांचा खर्च वीस-पंचवीस मिनिटांवर येतो आणि वरचा सगळा हिशेब हलका होतो. पहिल्या पावसानंतर येथे दिव्याभोवती किड्यांची अक्षरशः झुंबड उडते आणि सकाळी काच पंखांनी माखलेली असते. पिवळसर अंबर रंगाच्या दिव्याकडे किडे कमी येतात. तीनरंगी पडद्यावर मात्र हा दिवा वापरू नये, कारण अंबर प्रकाशात तांबडी अक्षरे पांढऱ्यावर फिकी पडतात.

आठवी पायरी: बसवण्यापूर्वी आणि नंतर

भिंतीवर चढवण्यापूर्वी फलक आठ दिवस गच्चीवर ठेवावा. रोज दुपारी आतले तापमान आणि रात्री बॅटरीचे व्होल्टेज वहीत लिहावे. त्यातील दोन दिवस सोलर पॅनेल चादरीने झाकून ठेवावे आणि बॅटरी किती उतरते ते पाहावे. एकदा बागेच्या पाइपने चारही बाजूंनी पाणी मारावे, पेटी उघडून टिपकागदाने कोपरे तपासावेत.

चालू फलकाच्या बाबतीत पडद्याचे दोन नियम पाळावेत. दोन बदलांमध्ये किमान तीन मिनिटांचे अंतर असावे, आणि मजकूर तोच असला तरी दिवसातून एकदा संपूर्ण पडदा काळा-पांढरा करून पुन्हा लिहावा, नाहीतर जुन्या अक्षरांची छाया मुरते. पडद्याचा फक्त एखादा भाग बदलण्याची सोय असते, ती लुकलुक टाळते, पण तशा काही बदलांनंतर एकदा पूर्ण बदल आवश्यक असतो. फलक दीर्घकाळ काढून ठेवायचा असेल तर आधी तो कोरा पांढरा करावा. राजवाड्याच्या आसपास फलक असेल, तर रंगपंचमीच्या आदल्या रात्रीच त्याला जाड प्लास्टिक गुंडाळावे. गेरमध्ये, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, तोफांसारख्या यंत्रांनी उडवलेला रंग तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो, तेथे छज्जाचा काय पाड.

एक दोष मात्र या तंत्राच्या गुणातूनच येतो. एलईडी फलक बिघडला की काळा पडतो आणि कोणीतरी फोन करते. ई-पेपर मेला तरी शेवटचा मजकूर दाखवत राहतो, तितकाच स्पष्ट, तितकाच खात्रीचा. आमच्या फलकाचा कंट्रोलर एकदा एका गुरुवारी बंद पडला तेव्हा त्यावर 'आज सायंकाळी 6 वाजता कीर्तन' असे लिहिलेले होते. शुक्रवारी चार मंडळी आली, शनिवारी नऊ, आणि रविवारी एक आजोबा सतरंजी घेऊनच आले. 'अहो, बुवा रोज येतात म्हणून लिहिलंय ना?' असे त्यांनी विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्यानंतर तीन गोष्टी ठरल्या. फलकावर 'आज' आणि 'उद्या' हे शब्द येत नाहीत, वार आणि तारीख येते. उजव्या कोपऱ्यात, लहान पण वाचता येईल अशा अक्षरांत, मजकूर शेवटचा केव्हा तपासला गेला ती वेळ छापलेली असते. आणि बॅटरी 3.0 व्होल्टपर्यंत उतरली, किंवा सलग सहा तास वाय-फाय मिळाले नाही, तर कंट्रोलर उरलेल्या शक्तीतून एक शेवटचा बदल करतो आणि पडद्यावर लिहितो: 'फलक बंद आहे. कार्यालयात चौकशी करावी.'